हिरव्यात एक थेंब निळा

आमच्या ह्यांना आयुष्यात युद्ध करता आलं ते फक्त माझ्याशी. नोकरीभर ड्राफ्ट्समन, पांढऱ्या कागदावर काळ्या रेघा. निवृत्त झाले आणि माझ्या जेवणाच्या टेबलावर सोव्हिएत सैन्य उतरलं. प्लॅस्टिकचे वीतभर रणगाडे. चिमट्याने एकेक चाक चिकटवायचं, बरबटलेला ब्रश माझ्या चहाच्या कपात बुडवायचा, आणि मी ओरडले की शांतपणे म्हणायचं, "अगं, महायुद्ध चालू आहे."

चिकटवणं सोपं हो. खरा तमाशा रंगाचा. सोव्हिएत रणगाडा हिरवा, हे शेंबडं पोरही सांगेल. पण ह्यांचं म्हणणं, कोणता हिरवा? प्रत्येक कारखान्याचा रंग वेगळा, त्यावर ऊन, चिखल, धूर. शिवाय एवढ्याशा वस्तूवर खरा रंग काळपट दिसतो, म्हणून तो थोडा उजळायचा. तयार बाटल्यांवर ह्यांचा भरवसा नाही. "पिवळट असतात," म्हणून ड्रॉपरने निळ्याचा एक थेंब टाकायचे. पुढच्या वर्षी दोन. मग तीन. कपाटात रणगाडे ओळीने लावलेले. डावीकडचे शेवाळी, उजवीकडचे थेट मोरपंखी. असल्या रंगात लढाईला गेले असते तर शत्रू हसून हसूनच मेला असता.

मला दिसत होतं. बोलले नाही. म्हटलं, असेल तिकडे तशी फॅशन.

बोलले ते ह्यांचे एकुलते एक मित्र, कोपऱ्यावरचे घड्याळजी. दर रविवारी यायचे, डोळ्याला भिंग लावून रणगाडे तपासायचे आणि दोघं मिळून माझं डोकं खायचे. चार वर्षांपूर्वी एका रविवारी भिंग काढून म्हणाले, "हा निळा झालाय." हे म्हणाले, हिरवा. ते म्हणाले, निळा. दोघं अगदी हमरीतुमरीवर आले. शेवटी घड्याळजी माझ्याकडे वळले. "वहिनी, तुम्हीच सांगा. तुम्ही म्हणाल ते मला मान्य."

ह्यांचा चेहरा एवढासा झाला होता. नवऱ्याला चारचौघांत कशी तोंडघशी पाडू? तिथे चौघं नव्हते, दोघंच होते, पण तेव्हा तेवढं कुठे सुचतं. "हिरवा," मी म्हणाले. "चांगला हिरवागार." त्यावर ह्यांनी मित्राला आणखी ऐकवलं, "आधी डोळे तपासून घे तुझे." घड्याळजींनी चपला घातल्या आणि गेले. पुन्हा आले नाहीत. हे रविवारी दाराकडे बघत बसायचे आणि विचारलं की म्हणायचे, वारा येतोय का बघतोय.

गेल्या महिन्यात ह्यांच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काका, इतकी वर्षं तुम्ही पिवळ्या काचेतून बघत होता." पट्टी निघाली तशी घरी येऊन हे सरळ कपाटासमोर उभे राहिले. एक डोळा झाकला. मग दुसरा. पुन्हा पहिला.

"अगं, हे निळे आहेत."

"आहेत."

"तुला दिसत होतं?"

"दिसत होतं."

वाटलं, आता रणगाडे माझ्यावर चालून येणार. पण हे खुर्चीत बसले आणि हळूच म्हणाले, "म्हणजे तो खरं बोलत होता आणि आपण त्याला घालवला." त्या दिवशी जेवले नाहीत. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. घालवला होता तो मी.

दुसऱ्या दिवशी सगळ्यात निळा रणगाडा पिशवीत घालून मी घड्याळजींच्या दुकानात गेले. त्यांनी स्टूल पुढे केलं. मी उभ्या उभ्याच सांगून टाकलं, "भावजी, तुमचं बरोबर होतं. हा निळाच आहे. मला तेव्हाही निळाच दिसत होता."

चार शब्द सुनावतील म्हणून मी तयारीत होते. ते रणगाडा दाराशी उजेडात धरून बघत राहिले. दुकानात सगळी भिंतीवरची मोठमोठी घड्याळं. मनगटावरचं एकही नाही.

"बारीक काम मी तेव्हापासून बंद केलं, वहिनी," ते म्हणाले. "डॉक्टर सांगत होते, डोळ्यांना काही झालेलं नाही. मला पटेना. म्हटलं, वहिनी कशाला खोटं बोलतील?"