बारावा फॉर्मा

चष्म्याच्या दुकानाच्या आतल्या अंधाऱ्या खोलीत बेबीताई लोकांच्या डोळ्यांचे नंबर काढायची. खुर्चीवर गिऱ्हाईक, समोर अक्षरांचा तक्ता, गिऱ्हाइकाच्या नाकावर काचा अडकवायची जड चौकट आणि दिवसातून शंभरदा विचारायचा एकच प्रश्न, "हे बरं दिसतंय, की हे?" बावीस वर्षांत या प्रश्नाला सरळ उत्तर देणारी माणसं तिला बोटांवर मोजण्याइतकीच भेटली होती. बाकीचे म्हणत, "दोन्ही बरंय." नाहीतर, "तुम्हाला काय वाटतं?"

उरलेल्या वेळात ती पुस्तकं लिहायची, चौदा-पंधरा वर्षांच्या मुलामुलींसाठी. पाच छापून झाली होती आणि सहावं तीन आठवड्यांनी यायचं होतं. दुकानाचे मालक तिला लेखिकाबाई म्हणत, पण ते कौतुकाने नव्हे. चष्म्याची डिलिव्हरी चुकली की म्हणत.

मुलं पुस्तक वाचतात की नाही हे तिला कधी नीट कळलंच नाही. कळायचं ते ब्लॉगरांकडून. आणि ब्लॉगर म्हटलं की बेबीताईच्या कपाळावर आठ्या पडत. एकाने तिच्या तिसऱ्या पुस्तकाला एक तारा दिला, कारण पार्सलमध्ये त्याचा कोपरा दुमडला होता. एकीला नायिका आवडली नाही, कारण ती तिच्या चुलत बहिणीसारखी बोलत होती. एकीने चौथं पुस्तक फुलदाणी आणि कपाशेजारी ठेवून फोटो काढला, "एका बैठकीत संपवलं" असं लिहिलं, आणि फोटोत पुस्तकावरचं प्लास्टिक तसंच होतं! बेबीताईने तेवढं एकदाच उत्तर दिलं होतं, "प्लास्टिक काढून वाचलंत तर आणखी आवडेल." त्यावर आठवडाभर जो काही गहजब झाला, त्यानंतर संपादकाने तिच्याकडून वचनच घेतलं. परीक्षणाखाली लेखकाने एक अक्षर लिहायचं नाही.

मंगळवारी दुपारी एका गृहस्थांच्या डोळ्यांत थेंब घालून तिने त्यांना डोळे मिटून बाकावर बसवलं आणि फोन उघडला. सहाव्या पुस्तकाच्या आगाऊ प्रती चाळीस ब्लॉगरना गेल्या होत्या. पहिलंच परीक्षण 'दुमडलेलं पान'चं होतं. ही बाई पुस्तकाला तीनच्या वर तारे देत नसे आणि तिचा शब्द सगळे झेलत. तिने पाच दिले होते.

"शेवट वाचून मी पुस्तक छातीशी धरून बसले," तिने लिहिलं होतं. "मुलगी स्वयंपाकघराच्या दाराशी येते, 'आई, मला' एवढंच म्हणते, आणि कादंबरी संपते! अर्ध्या वाक्यावर! एवढं धाडस आपल्याकडे कुणी केलंय?"

बेबीताईने ते दोनदा वाचलं. हे धाडस आपण कधी केलं ते तिला आठवेना.

खाली 'वाचून फुर्र' नावाच्या मुलाचं. "आईच्या तोंडी एकही शब्द नाही. या मौनातच सगळं आहे."

आईच्या तोंडी तिने सलग चार पानं घातली होती.

तिची स्वतःची आगाऊ प्रत टेबलाच्या खणात आठ दिवस न उघडता पडली होती. छापलेलं पुस्तक ती कधीच उघडायची नाही. उघडलं की पहिली नजर चुकीच्या वेलांटीवर जाते, असा तिचा अनुभव. आता तिने उघडलं, सरळ मागून. पान एकशे शहात्तर. "आई, मला" आणि त्यानंतर कोरा पुठ्ठा.

"अहो बाई, डोळे उघडू का?" बाकावरून आवाज आला.

"मिटलेलेच बरे आहेत," बेबीताई म्हणाली आणि तिने संपादकाला फोन लावला.

संपादक तिशीचा, उत्साही, प्रत्येक वाक्यात एकदा मॅडम म्हणणारा. त्याने बायंडरला फोन केला आणि पाच मिनिटांत उलगडा केला. सोळा पानांचा एक फॉर्मा, असे बारा फॉर्मे म्हणजे हे पुस्तक. आगाऊ प्रती घाईने बांधल्या. बायंडरने अकरा गठ्ठे टेबलावर मांडले, बारावा टेबलाखाली राहिला. सगळ्याच्या सगळ्या प्रती तशाच शिवून गेल्या.

"आणि चाळीसातल्या एकालाही कळलं नाही?"

"कळलं ना, मॅडम! सगळ्यांना फार आवडलंय."

तासाभराने त्याचा परत फोन. आवाज आणखी गोड. प्रकाशकांशी बोलणं झालं होतं. मुख्य आवृत्ती शनिवारी छपाईला जाणार. "सगळीकडे त्या शेवटाचीच चर्चा आहे, मॅडम. आपण बारावा फॉर्मा छापूच नये असं साहेब म्हणतात. फक्त तुमचा होकार लागेल. शुक्रवारी दहापर्यंत."

"अहो, निदान ती पोर काय म्हणते ते वाक्य तरी पुरं होऊ द्या!"

"तेच तर नाही ना होऊ द्यायचं, मॅडम."

फोन ठेवल्यावर तिने पुढच्या चार गिऱ्हाइकांचे नंबर इतक्या तावातावाने काढले की मालक पडद्यातून डोकावले. "लेखिकाबाई, डोळे तपासायचेत, कबुलीजबाब नाही घ्यायचा."

चीड नेमकी कशाची आली, हेच तिला धड सांगता आलं नसतं. पाच पुस्तकांत मिळून जेवढे तारे आले नव्हते, तेवढे या एकाच पुस्तकाला येऊ लागले होते. तेही न लिहिलेल्या गोष्टीसाठी. आणि हे पुस्तक तिने लिहिलं होतं तेच मुळी त्या शेवटच्या सोळा पानांसाठी.

त्यातली मुलगी नापास होते, घरी सांगत नाही. रोज गणवेश घालून निघते आणि संध्याकाळपर्यंत बस डेपोच्या बाकावर बसून राहते. बेबीताईने स्वतः हे केलं होतं, पंधराव्या वर्षी, दीड महिना. फक्त डेपोऐवजी पोस्टात बसायची, पैसे भरण्याच्या खिडकीसमोर, डबा मांडीवर घेऊन. रोज संध्याकाळी ठरवून स्वयंपाकघराच्या दारापर्यंत जायची, आईची पाठ बघायची आणि परत फिरायची. शेवटी शाळेने वडिलांना बोलावून घेतलं. वडील ओरडले, शाळा बदलली, विषय संपला. आईशी त्यावर एक शब्द झाला नाही, तेव्हाही नाही आणि पुढच्या चौतीस वर्षांतही नाही. बाराव्या फॉर्म्यात तो झाला होता. मुलगी सांगते, आई तिला जवळ बसवून घेते, समजावते, स्वतःच्या लहानपणचं सांगते. ती सोळा पानं बेबीताईने सात वेळा लिहिली होती.

बुधवारी सकाळी आणखी एकोणीस परीक्षणं. "मुक्त शेवट", "बोलका रितेपणा". एकाने तर लिहिलं होतं की मागचा कोरा पुठ्ठा हे आईच्या मनाचं प्रतीक आहे. बेबीताईने फोन काचांच्या पेटीत ठेवून वरून झाकण लावलं. मग काढला. आणि अगदी तळाशी तिला 'उशीखालचं पुस्तक' दिसलं. नववीतली एक मुलगी लिहायची, वाचक अकरा. तारे दिलेच नव्हते.

"माझ्या पुस्तकाची शेवटची पानं फाटली आहेत किंवा लावलीच नाहीत. कुणाकडे असतील तर फोटो पाठवा. सगळे शेवट भारी म्हणतायत, पण शेवट आहे कुठे?"

वचन वगैरे सगळं बाजूला ठेवून बेबीताईने तिला सोळा पानं मेल केली. खाली लिहिलं, "कुणाला दाखवू नकोस. काय वाटतं ते सांग."

गुरुवारी दुपारी उत्तर आलं.

"थँक्यू काकू. बरं झालं, वाक्य पूर्ण झालं, मला झोपच येत नव्हती. पण खरं सांगू का? आई फार बोलते. एवढं समजावत बसणारी आई मी तरी बघितली नाही. माझी आई काही सांगायला गेलं की हातातलं काम चालूच ठेवते. आणि लहानपणचं तर सांगूच नये कुणी. रागावू नका हं."

बेबीताई रागावली. एकोणचाळिसांना शेवट नसल्याचं कळत नाही, आणि एकीला कळतं तर तिला तो लांब वाटतो! जाऊ दे मरू दे, म्हणून तिने संपादकाला निरोप टाइप केला, "काढून टाका बारावा फॉर्मा." पाठवला मात्र नाही. तेवढ्यात मालकांनी हाक मारली.

संध्याकाळी ती घरी आली तर आई खिडकीशी खुर्चीत बसलेली. गेल्याच आठवड्यात बेबीताईने तिला वाचायचा नवा चष्मा करून दिला होता, आणि तेव्हापासून आई घरातलं दिसेल ते वाचत सुटली होती. औषधांच्या बाटल्या, विजेचं बिल, मिक्सरबरोबर आलेलं माहितीपत्रक. आज तिच्या मांडीवर बेबीताईची आगाऊ प्रत होती.

"हे कुठून घेतलंस?"

"काल रात्री तुझ्या पिशवीतून. तू काही दाखवत नाहीस." आईने पुस्तक उलटं करून झटकलं, जणू पानं आतून खाली पडतील. "बाकीचं कुठाय?"

"बाकीचं काय?"

"मग ती आई काय म्हणाली? तुम्हा लोकांना पुस्तक पुरं बांधता येत नाही का?"

आईने तिची एकही कादंबरी वाचली नव्हती. अक्षर बारीक म्हणायची. खरं तर हीसुद्धा वाचू नये असंच बेबीताईला वाटत होतं. पण आता लपवायचं काय राहिलं? तिने पिशवीतून टाइप केलेली सोळा पानं काढून दिली आणि ती भांडी घासायला गेली. एक पातेलं तिने तीनदा घासलं.

बऱ्याच वेळाने आई कागद घेऊन दाराशी आली.

"मी एवढं बोलले नसते."

"ही तू नाहीस. गोष्ट आहे ती."

"हो का? पोस्टाचा डेपो केला की गोष्ट होते वाटतं?"

नळ तसाच वाहत राहिला. आईनेच पुढे होऊन तो बंद केला.

"तुला ठाऊक होतं?"

"पोस्टातल्या खिडकीवरची बाई माझ्या भिशीतली. तिसऱ्या दिवशीच आली सांगायला. म्हणाली, तुमची बेबी रोज येऊन बसते, डबा खाते, जाते."

"तिसऱ्या दिवशी! आणि तू दीड महिना..."

"दीड महिना डबा भरून देत होते. शाळेत नाही जायचं तर उपाशी का राहायचं?"

"अगं, मग बोलली का नाहीस?"

"तू रोज दाराशी यायचीस. मला पाठीला कळायचं. म्हटलं, आज सांगेल. मी मुद्दाम वळायची नाही, वळले तर पळशील म्हणून. मग तुझे बाबा मधे पडले आणि राहिलंच."

"चौतीस वर्षं, आई! आत्ता सांगतेस?"

"आत्ता नीट दिसायला लागलंय," आईने चष्मा वर सरकवला. "आणि ते लहानपणचं काय घातलंयस? मी कधी विहिरीत बिहिरीत पडले नव्हते."

त्या रात्री बेबीताई जेवल्यावर पेन्सिल घेऊन बसली. विहीर गेली. जवळ बसवून घेणं गेलं, समजावणं गेलं. सोळा पानांची नऊ झाली. आई आता भांडी घासत राहते, मागे वळत नाही, आणि मुलगी सगळं बोलून थांबली की एवढंच विचारते, "डबा रोज खात होतीस ना?"

शुक्रवारी पावणेदहाला तिने संपादकाला फोन केला. "बारावा फॉर्मा छापायचा. नऊ पानं मजकूर, उरलेल्या सात पानांवर तुमच्या जाहिराती घाला."

"पण मॅडम, ब्लॉगर काय म्हणतील?"

"तारे कापतील. कापू देत."

त्यांनी ते कापलेच. पुस्तक आल्यावर 'दुमडलेलं पान'ने लिहिलं की लेखिकेने ऐनवेळी कच खाल्ली, बाजारासाठी शेवट चिकटवला. पाचाचे तीन झाले. 'वाचून फुर्र'ला मौनाचा विश्वासघात झाल्यासारखं वाटलं. संपादकाने आठवडाभर फोन केला नाही. बेबीताईने सगळं वाचलं, दातओठ खाल्ले, आणि एका अक्षरानेही उत्तर दिलं नाही, कारण या वेळी आईने फोन काढून घेतला होता.

फोन परत मिळाल्यावर तिने दुकानात पाहिलं, 'उशीखालचं पुस्तक'ने साडेचार तारे दिले होते. वाचक आता चौदा झाले होते. खाली लिहिलं होतं, "आई एकदम खरी वाटली. अर्धा तारा कापला, कारण शेवटची पानं एकमेकांना चिकटली होती."

"मेल्या बायंडरच्या तर..." बेबीताई मोठ्याने म्हणाली.

खुर्चीवरचं गिऱ्हाईक दचकलं. "माझं काही चुकलं का?"

"तुमचं नाही हो. वर बघा." तिने चौकटीत काच सरकवली. "हे बरं दिसतंय, की हे?"

"दोन्ही बरंय."