पिरॅमिडखालचं निरसं दूध

पंधरा-सोळा वर्षांपूर्वी आमच्या परड्यात, म्हशीचा गोठा आणि न्हाणीघर यांच्या मधोमध, एक पिरॅमिड उभा होता. हसू नका. तेव्हा गल्लीत कुणी हसलं नव्हतं, कारण तो उभा करणारी बाई हसून सोडून देण्यासारखी नव्हती. वय चौपन्न, नाकावर नवा चष्मा, काखेत वही, आणि आपल्याला सगळं कळतं हा भाव तोंडावर उठल्यापासून झोपेपर्यंत. ती बाई म्हणजे मीच. आज समोर आली तर आधी पाठीत एक धपाटा घालीन, मग बोलीन.

महिला मंडळात एक पाहुणे भाषणाला आले होते. पिरॅमिडच्या आकारात म्हणे शक्ती साठते. त्याखाली दूध नासत नाही, पात्याची धार जात नाही, जखमा लवकर भरतात. बाकीच्या बायका भाषण ऐकून, चहा पिऊन घरी गेल्या. मी वहीत आकृती काढून आणली.

नवरा कारखान्यात टर्नर होता, नुकताच निवृत्त झालेला. आयुष्य सुताच्या मापात गेलेलं, घरी बसून हात शिवशिवत होते. आकृती बघून त्याने एकच विचारलं, "कोन किती?"

"एकावन्न अंश आणि थोडे."

"थोडे म्हंजे किती? असं मोघम चालत न्हाय."

आठ दिवसांत प्लायवूडचा पुरुषभर उंचीचा पिरॅमिड उभा राहिला. आत शिरायला एका बाजूने फळी सरकायची. एक बाजू बरोबर उत्तरेला हवी होती, पण म्हशीच्या लोखंडी मेखेमुळे होकायंत्राची सुई भरकटायची, म्हणून मेख उपटून दुसरीकडे रोवली. म्हशीने रागाने दोन दिवस पान्हा चोरला. सासूबाईंना आम्ही आत्ती म्हणायचो. त्या न्हाणीघराच्या चुलीपाशी बसून सगळं बघत होत्या. म्हणाल्या, "म्हशीला तरी इचारायचं हुतं."

मग मी प्रयोग केला. एकाच धारेचं निरसं दूध दोन वाट्यांत घेतलं. एक वाटी स्वयंपाकघरात वरच्या फळीवर ठेवली, मांजराच्या भीतीने. दुसरी पिरॅमिडमध्ये, पाटावर, जाळी झाकून. दुसऱ्या दिवशी फळीवरचं दूध फाटलं. पिरॅमिडमधलं तिसऱ्या दिवशीही गोड होतं. एवढंच नाही, वर बोटभर जाड साय! मी गल्लीतल्या बायकांना बोलावून बोलावून ती साय दाखवली. "बघा, शक्तीने साय धरलीय."

निरशा दुधावर अशी साय धरत नाही, हे जन्मभर म्हशीचं दूध तापवलेल्या बाईला कळायला नको? पण त्या शहाणीच्या डोक्यात तेव्हा फक्त वही होती.

इथवर गंमत होती. पुढची नाही.

त्याच सुमाराला नवऱ्याने नवी कातडी कापशी चप्पल घेतली. नवी चप्पल चावते, हे आमच्याकडे कुणाला सांगावं लागत नाही. तेल पाजायचं, चार दिवस घरातल्या घरात वापरायची. त्याने तशीच घालून अर्धं शहर पालथं घातलं. संध्याकाळी करंगळीपाशी हरभऱ्याएवढा फोड. त्याला दहा वर्षांची साखर. गोळ्या चालू होत्या, पण पावलं कधीच बधिर झालेली, त्यामुळे फोड फुटला तरी त्याला पत्ता नाही. मी चादरीला डाग बघितला तेव्हा कळलं.

"डॉक्टरला दाखवू या," मी म्हणाले. एवढं तरी म्हणाले.

"कशाला? घरात केलाय की एवढा दवाखाना."

त्याला दवाखान्याची भीती होती. थोरला भाऊ अशाच जखमेसाठी आत गेला आणि गुडघ्याखाली काही नसताना बाहेर आला. मला ते माहीत होतं. आणि माझ्याच पिरॅमिडवर माझाच नवरा विश्वास ठेवतोय, हे मला आवडलंही. आवडलं, दुसरं काय! तो सकाळ-संध्याकाळ अर्धा अर्धा तास आत बसायला लागला. पाय पाटावर, तिथेच, दुधाची वाटी होती त्या जागी.

"दुखतंय का?" मी रोज विचारायची.

"जरासुदीक न्हाय. गुण हाय बघ याला."

दुखत नव्हतं हीच तर रडकथा होती. आम्ही दोघांनी तिचा गुण केला.

पाचव्या दिवशी सकाळी आत्ती बंबाला जाळ घालत होत्या. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "बरं झालं बाई, तुझी ती दुधाची वाटी हलली तितनं. दोन टायमाला तापवून परत ठेवायचं काम वाचलं माझं."

"काय तापवून?"

"दूध की गं. निरसं दूध असं उघड्यावर घालून कोण ठेवतं? नासलं नसतं व्हय? म्या सकाळी चुलीवर आदण ठेवताना तापवायची, सांजेला परत. फळीवरचं मला दिसलं न्हाय, ते गेलं."

आत्तींचं काही चुकलं नव्हतं. त्यांच्या हातून दूध निरसं राहूच शकत नव्हतं, जशी तिन्हीसांजेला घरातली दिवाबत्ती राहून जाऊ शकत नव्हती. नासलं नव्हतं ते आत्तींमुळे. साय धरली होती ती चुलीमुळे.

त्याच क्षणी मी आत जाऊन नवऱ्याला सांगायला हवं होतं. पिरॅमिडची फळी चार पावलांवर होती, आतून त्याचं गुणगुणणं ऐकू येत होतं. मी आत्तींना म्हणाले, "हे कुणाला बोलू नका."

"का गं?"

"उगीच. हसतील."

म्हणजे बघा. नवऱ्याचा पाय एका बाजूला, गल्लीतल्या सात-आठ बायकांचं हसू दुसऱ्या बाजूला, आणि ती चौपन्न वर्षांची बया हसू मोजत बसली. मनाशी म्हणाली, दुधाचं खोटं ठरलं म्हणून जखमेचंही खोटंच असेल असं कुठंय? आणखी दोन दिवस बघू.

दोनाचे सहा झाले. जखमेच्या कडा आधी पांढऱ्या पडल्या, मग करंगळी जांभळी झाली. मी हळद लावली, कडुनिंबाच्या पाण्याने धुतलं, आणि रोज नजर चुकवून पायाचा वास घ्यायला लागले. दहाव्या दिवशी वास आला. अकराव्या दिवशी दुपारी परड्यातून आत्तींनी हाक मारली, "अगं, हा आत थरथर कापायलाय!"

मी फळी सरकवली. आत भट्टीसारखं तापलेलं, आणि त्यात हा अंगावर चादर ओढून हुडहुडत बसलेला. करंगळी आणि शेजारचं बोट काळं. पावलावर लाल रेघ वर चढलेली.

"अहो, उठा. रिक्षा बोलावते."

"कुठं?"

"दवाखान्यात."

"म्या न्हाय जायचा." दात वाजत होते, तरी आवाज खणखणीत. "पाय कापत्यात तितं. हितं दूध चार-चार दिस ऱ्हातं, माझा पाय ऱ्हाणार न्हाय व्हय?"

बाहेर आत्ती उभ्या होत्या. त्या बोलल्या नाहीत. मी बोलू नका म्हणून सांगितलं होतं ना, तो शब्द पाळत होत्या. तोंड मात्र माझ्याकडे होतं.

"दूध तापवलेलं होतं," मी म्हणाले.

"आं?"

"आत्ती तापवायच्या. सकाळ-संध्याकाळ. इथं काही नाही हो. प्लायवूड आहे नुसतं."

तो माझ्याकडे बघत राहिला. कारखान्यात एखादं माप चुकलं की तो असा बघायचा. ओरडायचा नाही, कुठून चुकलं ते शोधायचा.

"तुला कवा कळलं?"

खोटं बोलणं सोपं होतं. आत्ता कळलं म्हणाले असते तर आत्तींनीही मान डोलावली असती.

"सहा दिवस झाले."

त्याने भिंतीला हात लावला. स्वतः घासून गुळगुळीत केलेली भिंत. मग म्हणाला, "काठी दे." मी काठी दिली, खांदा पुढे केला. त्याने काठी घेतली, खांदा घेतला नाही.

रिक्षात बसलो. दर खड्ड्याला मी त्याच्या पायाकडे बघायची आणि तो रस्त्याकडे. दवाखान्यात तरुण डॉक्टरीण होती. तिने पाय बघितला आणि तिचं हसू एकदम मावळलं.

"किती दिवस झाले याला?"

"झालं की दोन-तीन दिस," नवरा म्हणाला.

मला झाकत होता. अंगात एवढा ताप, माझ्यावर एवढा राग, आणि परक्या बाईपुढे बायकोला झाकत होता. मला त्या शिक्षेपुढे बाकी कुठलीही चालली असती.

"अकरा दिवस," मी म्हणाले. "त्यातले सहा माझ्यामुळे."

डॉक्टरणीने वर बघितलं, आकडा लिहिला, आणि नर्सला हाक मारली.

दोन बोटं गेली. पाऊल राहील की नाही हे चार दिवस कुणी छातीठोक सांगेना. ते चार दिवस तो माझ्याशी बोलला नाही. पाणी हवं तर पेल्याकडे बघायचा. पाचव्या दिवशी डॉक्टरीण जखम उघडून म्हणाली, "आता धरतंय मांस. पाऊल वाचलं तुमचं."

त्या दिवशी पट्टी बदलायला आलेली नर्स मला म्हणाली, "मावशी, तुम्ही बाहेर थांबा."

"न्हाय," नवरा म्हणाला. "तिला हितंच ऱ्हाऊ दे. बघू दे तिला."

राग होता की काय होतं, मी आजवर विचारलेलं नाही. चष्मा पुसला आणि पलंगाच्या पायथ्याशी जाऊन बघितलं. नर्सने पट्टी कुठून धरायची, किती ताणायची ते दाखवलं. दुसऱ्या दिवसापासून मीच बांधायला लागले. पहिल्यांदा सैल बांधली तर तो म्हणाला, "अशी ढिली? मोघम चालत न्हाय," आणि पाय पुढे केला.