माझ्या आरोपी बायका

कोर्टाच्या कँटीनमध्ये चहाला बसलं की कुणीतरी विचारतंच, "मॅडम, तुमच्या बायकांचं काय नवीन?" मी नगरला वकिली करते आणि माझ्याकडे येतात त्या बहुतेक आरोपी बायका. केस संपली की फाईल कपाटात जाते, पण या बायकांची वाक्यं ठेवायची कुठे? ती डोक्यातच साठत गेली.

*

जामखेडकडच्या एका बाईनं नवऱ्याचा हात मोडला. मुसळानं! त्याआधी नवरा मारतो म्हणून ती तीनदा चौकीत गेली होती. तिन्ही वेळा एकच उत्तर, "नवरा-बायकोचं भांडण घरातच मिटवायचं असतं."

जज्जसाहेबांनी विचारलं, "बाई, काय केलंत हे?"

"सायेब, घरातच मिटवलं की!"

*

दुसरी हातभट्टीवाली. दारू गाळायचा नवरा, विकायचा दीर, पण धाड पडली की पुढे करायचे हिला. का, तर "बाईमाणसाला जामीन लवकर मिळतो!" चौथ्या केसला मी चिडले. "अगं, घर, जमीन, काही तरी आहे का तुझ्या नावावर?"

"हाय ना ताई. चार गुन्हे हायेत!"

*

सावेडीच्या एक बंगलेवाल्या काकू सुनेच्या छळाच्या केसमध्ये आल्या. सुनेला उपाशी ठेवलं, माहेरी फोन करू दिला नाही, सगळं कबूल! वर मलाच सुनावलं, "माझ्या सासूनं माझं हेच केलं, तेव्हा सगळे म्हणाले, वळण लावतायत. मी केलं तर लगेच गुन्हा?"

*

भिंगारच्या एका वहिनींना दुकानात साडी चोरताना पकडलं. नवरा चांगला नोकरीवाला, लाजेनं अर्धा झालेला. "हिला काय कमी केलं हो मी? कपाट भरलंय! एकूण एक साडी मी स्वतः पसंत करून आणतो."

वहिनी खाली मान घालून पुटपुटल्या, "म्हणून तर."

*

आणि मंदा. सुनेनं जेवणात विष कालवलं, अशी सासूनं तक्रार दिली आणि मंदा तुरुंगात गेली. माहेरचे जामीन राहिले नाहीत. "दिली तिकडं ती मेली," म्हणाले. आठ महिने गेले. मी भेटायला जायचे तेव्हा ती रडायची नाही. तिथं सही करायला शिकली होती. एकदा म्हणाली, "ताई, हितं लई झोप लागती."

इकडे घरी पाच म्हशी, शेण, भाकऱ्या. सासूची कंबर धरली. मग सासू साक्षीला उभी राहिली आणि सरळ जबाबावरून फिरली! "विष नव्हतं सायेब. भाजीच शिळी हुती."

मंदा निर्दोष सुटली. मला इतका आनंद झाला की मी तिचा हातच धरला. बाहेर नवरा मोटारसायकल चालू करून उभा. सासू ओरडली, "चल लवकर, धारा काढायच्या राहिल्यात!"

मंदानं माझा हात सोडला नाही. हळूच म्हणाली, "ताई, आपल्याला अपील करता येतं का?"