उणे तीन सेंटिमीटर

समुद्रकाठच्या सेमारांग शहरातल्या आमच्या पंपघरात संगणकाचं सगळं वेनिंगकडे असायचं. कालव्यातल्या पाण्याची उंची मोजणारा जुना प्रोग्राम सी भाषेतला. तो लिहिणारा वारला, मूळ मजकूरही हरवला. वेनिंगचा पायथनमधला नवा प्रोग्राम त्या जुन्याकडून आकडा मागून घ्यायचा आणि पाणी चढलं की ते उपसणारे पंप चालवायचा.

तिचा नवरा बागास समुद्रापलीकडे बालिकपापानला नोकरीला. तिचा राजीनामा मंजूर झाला होता, सामान बोटीने पुढे गेलं होतं.

त्याच आठवड्यात कालव्यातला गाळ काढला. दुपारी ओहोटीला पाणी पार तळाला गेलं आणि नेमके तेव्हाच सगळे पंप धडधडू लागले. कोरडेच! बंद करेपर्यंत एकाची मोटर जळाली. पडद्यावर उंची होती पासष्ट हजार पाचशे तेहतीस सेंटिमीटर.

"समुद्र डोंगरावर चढला की काय, म्बाक?" मी म्हणालो. ताईला आमच्याकडे म्बाक म्हणतात.

ती हसली नाही. "पाणी शून्याच्या खुणेखाली गेलंय. उणे तीन. जुना प्रोग्राम आकडा सोळा खान्यांत, म्हणजे बिटांत, देतो, त्यातला पहिला खाना उण्याची खूण. मी माझ्या बाजूला लिहून ठेवलं, येणारा आकडा उणे नसतोच. मग ती खूणसुद्धा आकड्यातच धरली गेली."

तिने एक शब्द बदलला. पडद्यावर उणे तीन आलं.

तेवढ्यात आमच्या साहेबीण बू रेत्नो, म्हणजे रेत्नोबाई, आल्या. "कोणाचं काम हे?"

"माझंच, बू."

"जुन्या-नव्या प्रोग्रामचे असे सांधे अजून किती?"

"चाळीसेक असतील."

"म्हणजे चाळीस सुरुंग पेरून निघालीस?"

"सगळे तपासून देते. मग तरी जाऊ द्याल ना?"

"पावसाळा संपू दे."

"अजून सुरूही झाला नाही, बू."

"तेच म्हणतेय मी."

तिने बागासला फोन लावला. "सोडून ये सरळ," तो चिडला.

"कालव्यामागच्या गल्लीत तुझी आई राहते. येऊ?"

तो म्हणाला, "कपडे तेवढे परत पाठवतो."

वेनिंगने एकेक सांधा उकलला. आणखी दोन चुकीचे निघाले. पावसात समुद्र आत शिरला, पंप वेळेवर चालले, सासूची गल्ली कोरडी राहिली. पाऊस ओसरल्यावर ती बू रेत्नोंकडे गेली.

"आता नवे पंप येतायत," बू म्हणाल्या. "ते जोडायला दुसरं कोण आहे?"

बागासने इकडे बदली मागितली. ती मिळाली नाही. वेनिंग अजून आमच्यातच आहे.