भाऊजींच्या तीन कॉप्या

आमचे धाकटे दीर टपाल कचेरीत खिडकीमागे बसतात आणि खिडकीबाहेरच्या जगाला अक्कल शिकवतात. गल्लीत त्यांना सर्वज्ञ म्हणतात. त्यांना तो मान वाटतो, आणि मीही कधी त्यांचा गैरसमज दूर करायला गेले नाही. तीन आठवड्यांचा कॉम्प्युटरचा वर्ग काय केला, माणूस अर्ध्या हळकुंडाने पिवळा झाला.

माझा नवरा बूट शिवतो. साधे नव्हेत, वाकड्या, सुजलेल्या, बोटं गेलेल्या पायांचे. गिऱ्हाइकाला खाकी कागदावर उभं करायचं, पावलाभोवती पेन्सिल फिरवायची आणि कुठे दुखतं, कुठे घासतं ते आत लिहायचं, ही त्याची पद्धत. पुढचा जोड करताना त्याच कागदावर नवी खूण. असे चारशे कागद दुकानात खिळ्यांना टांगलेले होते. धूळ होती, मान्य. झुरळंही होती. पण हात वर केला की हवा तो पाय सापडायचा.

सर्वज्ञांना ते बघवेना. "वहिनी, हा काय पसारा? कुठल्या जमान्यात राहता तुम्ही?" चार रविवार खपून त्यांनी सगळे कागद कॉम्प्युटरमध्ये घातले आणि मूळ कागद रद्दीवाल्याच्या गाडीवर चढवले. मी दारात आडवी उभी राहिले. कॉम्प्युटर बंद पडला तर काय, असं विचारलं.

"तीन कॉप्या ठेवल्यात," ते म्हणाले. "एक गेली तर दुसरी, दुसरी गेली तर तिसरी. तुम्ही आपलं स्वयंपाकघर सांभाळा."

"शिकलेला आहे तो, करू दे," नवरा म्हणाला. भावापुढे या माणसाचं डोकं कायम गहाण.

वर्ष पुरतं झालं नाही तोच एका सकाळी त्या डब्यातून टकटक ऐकू यायला लागली आणि पडदा काळा झाला. सर्वज्ञ रजा टाकून आले. आधी डब्यावर टिचक्या मारल्या. मग दिवसभर चालू-बंद, चालू-बंद. मग कुणीतरी सांगितलं की गारव्यात हार्ड डिस्क बरी होते, म्हणून ती पिशवीत घालून माझ्या फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात गेली. दुसऱ्या दिवशी तिला घाम फुटलेला असतानाच भाऊजींनी ती परत जोडली. एकदा खरखरली आणि कायमची गप्प झाली.

दुरुस्तीवाल्याने ती उघडली. आतली चकती ओरखडून निघाली होती. "पहिली टकटक ऐकली तेव्हाच बंद करून आणली असती, तर बरंचसं काढून दिलं असतं," तो म्हणाला. "बरं, दुसरीकडे कॉपी असेल ना?"

भाऊजींनी छाती काढून सांगितलं. 'मापं', 'मापं कॉपी' आणि 'मापं कॉपी शेवटची'. तिन्ही त्याच डिस्कवर. दुरुस्तीवाल्याने चष्मा काढून पुसला. घराला आग लागेल म्हणून दागिने या कपाटातून उचलून त्याच घरातल्या त्या कपाटात ठेवावेत, तसली ही हुशारी. परतताना भाऊजी म्हणत होते की हल्ली मालच हलका येतो. नाचता येईना अंगण वाकडं.

बाकीच्या गिऱ्हाइकांचं निभावलं. माणूस कागदावर उभा राहतो, बोट ठेवून सांगतो, इथे दुखतं. पण बसवर तिकिटं फाडणाऱ्या एक बाई आमच्याकडे यायच्या. दिवसभर उभं राहायचं काम, आणि साखरेच्या आजाराने दोन्ही पावलं बधिर. खिळा रुतला तरी समजायचं नाही. त्यांच्या कागदावर आठ वर्षांतली एकेक जखम लिहिलेली होती. जिथे जखम झाली, तिथे भार पडू नये म्हणून बुटाच्या तळाला आतून खळगा. आता एक जरी चिघळली तर पाऊल काढावं लागेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

त्या आल्या तेव्हा जुन्या बुटांचे तळ पार सपाट झाले होते, खळगे कसले दिसतात. तळव्याची कातडी अशी राठ की जुन्या खुणाही उमगेनात. नवऱ्याला तीन जागा आठवल्या. चौथी अंगठ्याखाली की करंगळीखाली, काही केल्या आठवेना. "इथे लागतं का?" त्याने दाबून विचारलं.

"मला काय कळतंय, मास्तर?" त्या म्हणाल्या. "ते तुमच्या कागदालाच ठाऊक."

शेवटी त्याने अंदाजाने शिवले. रोज पाय बघत जा, असं त्यांना दोनदा सांगितलं. दहा दिवसांनी बाई कामावरून परस्पर दुकानात आल्या. भाऊजी तिथेच बसले होते.

"सांगायला आले, मास्तर. झकास झालेत. जरा म्हणून टोचत नाहीत."

"बघितलंत वहिनी?" भाऊजी म्हणाले. पडले तरी नाक वर. "त्या कागदांचं उगाच स्तोम माजवलं होतंत तुम्ही."

माझी नजर बाईंच्या डाव्या मोज्यावर गेली. घोट्यापर्यंत ओला, काळपट. नवऱ्यानेही पाहिलं. तो खाली बसला, त्यांचं पाऊल मांडीवर घेतलं आणि नाडी सोडायला लागला. त्याला गाठ सुटेना. भाऊजींचं चालूच होतं.

"गप्प बस," नवरा म्हणाला. लग्नाला पंचवीस वर्षं झाली, भावाशी असं बोलताना मी त्याला पहिल्यांदा ऐकलं.

बाई हसऱ्या चेहऱ्याने आम्हा तिघांकडे बघत होत्या. "का हो," त्यांनी विचारलं, "काय झालं?"