शेजारी बसणाऱ्या बाई

"सांगायचं नसेल तर नका सांगू. मी नुसती बसते."

बाई कुणाच्याही घरात गेल्या की पहिलं वाक्य हेच. खुर्ची दिली तर ती बाजूला सारायच्या आणि भिंतीला टेकून, त्या घरच्या बाईच्या शेजारी खाली बसायच्या. समोर कधीच नाही. समोर बसलं की तपासणी केल्यासारखं वाटतं, असं त्यांचं म्हणणं. तुम्हीही कुणाकुणाला असं बसलेलं पाहिलं असेल, पण ते पाय दुखतात म्हणून. बाई मुद्दाम बसायच्या.

त्या मनाचा अभ्यास करणाऱ्या होत्या. मूळच्या वाईच्या, शिकल्या पुण्यात. नवरा-बायकोच्या संबंधात बाईला काय त्रास होतो, दुखतं का, नकोसं वाटतं का, भीती वाटते का, हे विचारत त्या सातारा-सांगलीकडची गावं फिरायच्या. गाडी माझी. मी चौथीतून शाळा सोडलेला माणूस, फौजेत ट्रक चालवला आणि नंतर ही जीप. कामाचं स्वरूप समजल्यावर पहिल्याच दिवशी मी सांगून टाकलं, "बाई, गाडी चालवीन. बाकी मला काय सांगू नका."

"बरं मामा," त्या म्हणाल्या आणि डोळे मिटून बसल्या. गाडीत बसल्या की त्या दोन्ही तळव्यांनी डोळे चोळायच्या. सकाळीसुद्धा. माणूस झोपून उठल्यावरही दमलेलं असू शकतं, हे मी त्यांच्याकडे बघून शिकलो.

खटावातल्या एका गावात बायकांनी त्यांना नसबंदीच्या ऑपरेशनवाली नर्स समजलं. जीप दिसली तशा सगळ्या मागच्या दारानं उसात पळाल्या. बाई देवळाच्या पायरीवर दुपारभर बसून राहिल्या. मी म्हणालो, "चला की आता. कोण येत न्हाई."

"आज नाही येणार. पण मी पळून गेले नाही, एवढं तरी बघतील."

पुढच्या खेपेला एक म्हातारी आली, मग तिच्या मागून दोघी. पण हे असं एकेका गावाला दोन-दोन खेपा घालणं म्हणजे माणसाचा कस लागतो. रस्त्यानं त्या बोलायच्या नाहीत. कधी विचारलं तर म्हणायच्या, "ऐकलेलं जरा खाली बसू दे."

बाई आत असल्या की बाहेर गडीमाणसं मला घेरायची.

"आत काय चाललंय रं?"

"बायकांच्या तब्येतीचं हाय."

"आन आमची तब्येत कोण बघणार?"

"तुमच्यासाठी जनावरांचा डॉक्टर सांगितलाय. येतोय मागनं."

हसायची आणि पांगायची. दार मोकळं ठेवणं हे काम मला कुणी दिलं नव्हतं. मीच घेतलं.

एकदा मी न राहवून विचारलं, "बाई, ह्या असल्या गोष्टी इचारून मिळतंय काय?"

"तुमची कंबर दुखली की काय करता?"

"हाडाच्या डॉक्टरकडं जातो."

"या कुणाकडे जातात?"

मी म्हणालो, "मला काय म्हाईत," आणि हॉर्न वाजवला. पुढे कुणी नव्हतं तरी.

आता सांगतो ते औंधच्या पलीकडच्या एका गावातलं. गावाचं नाव सांगत नाही, बाईंना आवडलं नसतं. त्या घरात सासू दारातच ठाण मांडून बसायची. सून विशीतली. लग्नाला तीन वर्षं झालेली, पाळणा नाही. नवरा फौजेत, तेव्हा सुट्टीवर आलेला. सासूचा यमाईला नवस बोलून झाला होता, देवऋष्याचा दंडाला दोरा बांधून झाला होता. आता घरात ठरलं होतं की सुट्टी संपायच्या आत सुनेला माहेरी आटपाडीला सोडायचं, ते कायमचं. मागून सोडचिठ्ठी.

बाई त्या पोरीशेजारी दोन दिवस बसल्या. तिसऱ्या दिवशी पोरगी बोलली.

बाई बाहेर आल्या आणि गाडीजवळ उभ्या राहिल्या. "मामा, मी आतलं बाहेर कधी सांगत नाही. पण ती स्वतःच म्हणाली, गाडीवाल्या मामांना सांगितलं तरी चालेल. तिच्या नवऱ्याशी मला बोलायचंय, तिलाही ते हवंय. मी बोलावलं तर सासू मध्ये येईल. तुम्ही फौजेतले. तुम्ही आणाल त्याला?"

"असल्या कामाला मी न्हाई जायचा, बाई. आधीच सांगितलंय."

बाई सीटवर बसल्या, डोळे चोळले आणि तशाच तळवे डोळ्यांवर ठेवून राहिल्या. आग्रह केला असता तर मी गेलो नसतो. केला नाही, म्हणून उतरलो.

पोरगा गोठ्यात वैरण टाकत होता. "चल रं, गाडीकडं."

"का, काका?"

"सुभेदारानं बोलवल्यावर 'का' इचारतोस व्हय?"

मी सुभेदार कधीच नव्हतो. पण पोरगा आला.

मी बॉनेट उघडून त्यात डोकं घातलं. कान मात्र कुठे घालायचे?

तो म्हणाला, "तिला मी नको हाय, मॅडम. सरळ हाय. जवळ गेलो की दात आवळून पडती. लाकडावानी. मला काय कळत न्हाई व्हय? कोणतरी असंल दुसरा मनात."

"दुखतं तिला."

"आं?"

"खूप दुखतं. सुया टोचल्यासारखं. दुखणार म्हणून अंग आधीच आखडतं आणि आखडलं की जास्तच दुखतं. ती मुद्दाम करत नाही."

"कवापास्नं?"

"पहिल्या रात्रीपासून."

पोरगा म्हणाला, "मला का न्हाई बोलली?"

"तुम्ही विचारलंत?"

"इचारायचं काय असतंय त्यात?" म्हणाला आणि जीपच्या मडगार्डवर हात टेकून उभा राहिला. "मी तिला लय बोललो हाय, मॅडम. नको ते बोललो."

बाई त्याला रागावल्या नाहीत. समजावत राहिल्या: हा आजार आहे, आधी बाई डॉक्टरनं तपासायचं, मग दोघांनी मिळून शिकायचं, सावकाश, महिने लागतील, आणि तोवर तिच्या मनाविरुद्ध हात लावायचा नाही. तीच तीच वाक्यं, न चिडता, न लाजता. मी इतकी वर्षं बायकोबरोबर संसार केला, पण यातला एक शब्द आमच्या घरात कधी उच्चारला गेला नव्हता. मी ऑइलची कांडी पुसत राहिलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी सून आणि तो पिशवी घेऊन रस्त्यावर आले. मागून सासू. आजूबाजूची चार घरं बघत होती.

"म्हेरी सोडाय निघालास न्हवं?"

"न्हाई. साताऱ्याला दवाखान्यात."

"हिला काय धाड भरलीया?"

पोरगा थांबला. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "तिला काय न्हाई. माज्यात खोट हाय. तपासणी माजी हाय. ही सोबत येतीया."

आमच्या भागात गडीमाणूस हे चारचौघांत बोलत नाही. जीव गेला तरी नाही. सासूनं तोंडाला पदर लावला. पोरगी खाली बघत गाडीत चढली. मी गाडी काढली. बाई खिडकीबाहेर बघत होत्या. त्यांना आनंद झाला असेल असं मला वाटलं होतं, पण बऱ्याच वेळानं त्या एवढंच म्हणाल्या, "खोटं बोलावं लागलं त्याला."

पोरगी माहेरी गेली नाही. तो ड्युटीवर गेला, ती सासरीच राहिली, साताऱ्याच्या फेऱ्या करत.

त्यानंतर बाईंचं काम फार दिवस चाललं नाही. वरून बंद झालं म्हणे. अजून कितीतरी गावं राहिली होती. मी त्यांना साताऱ्याच्या स्टँडवर सोडलं, पुण्याच्या गाडीत पिशव्या चढवून दिल्या. "थोडं झोपा आता," मी म्हणालो. "बघते," म्हणाल्या. त्यानंतर भेट नाही.

या वर्षी भाडं घेऊन औंधकडे गेलो, तर त्या गावाच्या फाट्यावर सासूनं हात करून गाडी थांबवली. मला वाटलं, भांडायला आली.

"सून बरी हाय का?" मी आपलं विचारलं.

"हाय. पोरगा आला की दोघं हसत्यात. आदी हसत नव्हती." मग तिनं मागच्या सीटवर वाकून बघितलं. "बाई न्हाईत?"

"न्हाई. काम संपलं त्यांचं."

"कवा येतील?"

"येणार न्हाईत आता."

ती दाराला धरून उभी राहिली. साठीची बाई. "मला बोलायचं हुतं त्यास्नी," म्हणाली. "माजं. सुनेचं न्हाई."

मला काय सुचलं कुणास ठाऊक. म्हणालो, "मला सांग की. मी निरोप धाडतो."

तिनं माझ्याकडे बघितलं. राग नव्हता त्यात. "तुला काय सांगू, गड्या?" म्हणाली, दार सोडलं आणि उन्हातून घराकडे चालू लागली.