शेळीच्या नावावर सात किलो

अक्षर वाईट आहे, त्याची आधीच माफी मागते. ऱ्हस्व कुठं आणि दीर्घ कुठं हे मला चौथीपर्यंत कळलं नाही आणि चौथीनंतर कुणी विचारलं नाही. ही वही मुलीची जुनी आहे. पुढून तिचा भूगोल आहे, मागून मी लिहिते. कुणाला दाखवायची नाही. पण कधी तिच्या हाती पडलीच तर तिनं लाल शाईनं चुका काढू नयेत, एवढंच.

लिहायचं कारण असं, की सव्वा वर्षात माझं सात किलो वजन उतरलं आणि ते कशानं उतरलं हे मला नीट सांगता येत नाही. बायका विचारतात. मी एकीला एक सांगते, दुसरीला दुसरं सांगते आणि घरी आल्यावर दोन्ही खोटं वाटतं. लिहून काढलं तर उमगेल, असं वाटलं.

सुरुवात गुडघ्यांनी झाली. पावसाळ्यात आमच्याकडं बायकांची टोळी सोयाबीन खुरपायला जाते. प्रत्येकीनं एकेक पात धरायची, म्हणजे वावरातली एक पट्टी, आणि उकिडवं बसून ती पार बांधापर्यंत न्यायची. मागच्या साली माझी पात मागं राहायला लागली. बाकीच्या बांधाला टेकून पाणी पीत असायच्या आणि मी अर्ध्यात. उठताना खुरपं जमिनीत रोवून त्याच्या आधारानं उठायचे. कुणी काही बोललं नाही. एक दिवस सकाळी मला हाक मारायला कुणी आलंच नाही, तेव्हा कळलं.

लोहाऱ्याला जीपनं गेले. डॉक्टरांनी गुडघे दाबून बघितले, काट्यावर उभं केलं. अठ्ठ्याहत्तर. म्हणाले, दहा किलो कमी करा, हळूहळू करा, नाहीतर उकिडवं बसायचं विसरा. मला भीती दहा किलोची नाही वाटली. उकिडवं बसायचं विसरले तर मजुरी गेली, आणि माझ्या हातात स्वतःचा म्हणून जो पैसा येतो तो तेवढाच. मुलीच्या शाळेचा खर्च त्यावर चालतो.

डॉक्टरांनी कसं कमी करायचं ते सांगितलं असेल. पण तिथं दोन पुरुष बाकावर बसले होते आणि माझं वजन त्यांनी ऐकलं, या विचारात मला पुढचं काही ऐकू आलं नाही.

परतीच्या जीपमध्ये एक बाई शेजारी बसली. तिच्या पिशवीत पावडरचे डबे होते. दोन वेळचं जेवण सोडायचं आणि ही पावडर पाण्यात कालवून प्यायची. ती हळू बोलत होती, मलाच ऐकू येईल एवढं. मला ते आवडलं. तीन डब्यांना सहा हजार लागत होते. माझ्याकडं हजार होते.

पाच हजार बचत गटातून काढायचे ठरवले. गटात कर्ज घेताना सगळ्यांसमोर कारण सांगावं लागतं, अध्यक्ष काकू ते रजिस्टरात लिहितात. काकू आमच्या गल्लीतल्याच, साठीच्या, चष्मा नाकावर ठेवून वरून बघणाऱ्या. माझ्या आधीच्या बाईनं कर्ज मागितलं, कारण सांगितलं शेळी. मग काकूंनी माझ्याकडं बघितलं. वीस बायका होत्या. बारीक व्हायची पावडर असं माझ्या तोंडातून निघणं शक्यच नव्हतं.

मी म्हणाले, "शेळी."

"तुला बी शेळीच?" काकू म्हणाल्या आणि लिहून टाकलं.

अशी मी एका शेळीची मालकीण झाले.

पावडरीनं वजन उतरलं, हे खरं आहे. दीड महिन्यात चार किलो. चक्कर यायची, चिडचिड व्हायची, मुलीचे वडील ताटावर बसले की मी अंगणात जाऊन उभी राहायचे, भाकरीचा वास नको म्हणून. दसऱ्याच्या सुमारास डबे संपले. दिवाळीपर्यंत चार किलो परत आले. मी काही जास्त खाल्लं नव्हतं, पहिल्यासारखंच खाल्लं होतं. मला वाटलं, पावडर अंगातून निघून गेली आणि तिच्या जागी वजन येऊन बसलं. आता हसू येतं, पण तेव्हा खरंच असं वाटलं होतं.

राहिले तीन रिकामे डबे, आणि शेळी.

शेळीचं काय सांगू. बायका विचारायच्या, कुठंय गं शेळी, दिसत नाही. मी म्हणाले, माहेरी ठेवलीय, तिकडं चारा आहे. मग विचारायला लागल्या, गाभण राहिली का. मी मान हलवली. लाजाळू माणसाचं असं होतं, कुठल्याही प्रश्नाला मान हलते. थोड्या दिवसांनी पिठाच्या गिरणीत मुलीच्या वडिलांना कुणीतरी विचारलं, दोन पिल्लं झाली म्हणे. ते घरी आले, हातपाय धुतले, चहा घेतला आणि म्हणाले,

"आपली शेळी व्याली म्हनं. घरच्या मान्साला तरी सांगत जा."

मग मला सगळं सांगावं लागलं. ते रागावले नाहीत. एक रिकामा डबा उलटा करून त्यांनी वास घेतला आणि म्हणाले, शेळीनं हे खाल्लं नसतं.

त्यानंतर मी ठरवलं की कुणाचं ऐकायचं नाही, आपलं आपण बघायचं. काय खाल्लं की वजन वाढतं, काय खाल्लं की उतरतं, हे दर सोमवारी मोजून ठरवायचं. पण मोजायचं कुठं? आरोग्य उपकेंद्रात काटा होता, पण तो दारातच, आणि दारात सदा गर्दी. शेवटी भुसाराचे आप्पा सुचले. आप्पा गावातलं धान्य घेतात, घरात कानडी बोलतात, आमच्याशी मराठी. दुपारी ते जेवायला गेले की दुकानात त्यांची बायको एकटी असते. पहिल्या दिवशी मी उगाच पायलीभर ज्वारी नेली, ती मोजली आणि मग जाता जाता सहज म्हणून स्वतः काट्यावर चढले. पुढं ज्वारी न्यायची सोडली. त्यांची बायको दुसरीकडं बघायची, काही विचारायची नाही. भली बाई.

आणि इथून माझा गोंधळ सुरू झाला.

एका आठवड्यात मी भाकरी तीनवरून दीडवर आणली, गोड सोडलं. सोमवारी काट्यावर गेले तर वजन किलोभर वाढलेलं. पुढच्या आठवड्यात नणंदेकडं जावळाचा कार्यक्रम होता, तिथं पुरी, बुंदी, सगळं खाल्लं. सोमवारी घाबरत गेले तर दीड किलो उतरलेलं. मला काही समजेना. चुकून झालं असेल म्हणून परत करून बघितलं. उपास धरला, वजन वाढलं. धपाटे खाल्ले तेव्हा मात्र उतरलं. मी भिंतीवर कोळशानं खुणा करत होते. त्या खुणा बघून कुणालाही वाटलं असतं की बुंदी खाल्ली की माणूस बारीक होतं.

आणि मला तसंच वाटलं. दुसरं काय वाटणार? काटा काही माझा नातेवाईक नव्हता, खोटं बोलायला. संक्रांतीच्या महिन्यात मी भाकरी बंद केली नाही, उलट तिळाचे लाडू मोजून रोज दोन खात होते, औषधासारखे. मुलीच्या वडिलांनी विचारलं तर सांगितलं, मला हेच लागू पडतं.

लाडवांनी मात्र परकराची नाडी आखूड पडायला लागली. गाठ बसेना. मी नाडी बदलली. काटा म्हणत होता उतरतंय, नाडी म्हणत होती वाढतंय. मी काट्याचं ऐकलं, कारण काट्यावर आकडे होते.

तुरी निघाल्या तेव्हाची गोष्ट. एका सोमवारी शाळेला सुट्टी होती, मुलगी माझ्याबरोबर आली. ती सातवीला आहे. मी चप्पल काढून काट्यावर चढणार, तेवढ्यात तिनं मला मागं ओढलं.

"आई, थांब. रिकामा काटा उणे एक दाखवतोय."

मी बघितलं. लाल दिव्यांत एक होता आणि त्याच्या आधी आडवी रेघ होती. ती रेघ मी आधीही पाहिली होती. कधी असायची, कधी नसायची. मला वाटायचं काच चिरली असेल, नाहीतर दिवा बिघडला असेल. आम्हाला चौथीत वजाबाकी होती, पण शून्यातून काही जात नाही असं शिकवलं होतं. शून्याच्या खाली काही असतं हे मला पंचेचाळिसाव्या वर्षी आप्पांच्या दुकानात कळलं.

नेमके आप्पा जेवण उरकून लवकर आले. मी अंग चोरून उभी राहिले. मुलीनंच त्यांना विचारलं. आप्पा म्हणाले, माल पोत्यात येतो, पोत्याचं वजन वजा करावं लागतं, म्हणून काटाच किलोनं मागं लावून ठेवतो. लाईट गेली की मात्र तो परत शून्यावर येतो, मग आठवण झाली की पुन्हा लावायचा. मग त्यांच्या ध्यानात आलं की आम्ही हे का विचारतोय. त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि बायकोकडं बघितलं.

"अक्का," ते म्हणाले, "तू काय पोत्यात बसून येतीस व्हय?"

त्यांची बायको कानडीत काहीतरी म्हणाली आणि आप्पा पोती मोजायला लागले. मी पदर तोंडाला लावला. रडायला येतंय की हसायला, हे मला तेव्हाही कळलं नाही आणि आता लिहितानाही कळत नाही.

म्हणजे लाईट गेली त्या आठवड्यात माझं वजन वाढायचं, आणि आप्पांनी काटा पुन्हा मागं लावला की उतरायचं. त्यात पुरीचा काही संबंध नव्हता आणि भाकरीचाही नव्हता. तीन महिने मी वीज मोजत होते.

घरी येऊन भिंत सारवून टाकली. त्या दिवशी सगळं सोडून द्यायचं मनात होतं. पण मुलगी म्हणाली, आई, एक किलोचाच घोळ आहे, बाकी वजन तर तुझंच आहे. नंतर तिनं एक काम केलं. माझ्या जुन्या परकराची नाडी काढली, ती माझ्या कमरेला लावून जिथं टोक आलं तिथं गाठ मारली. म्हणाली, ही लाईटवर चालत नाही.

तेव्हापासून दर अमावस्येला, महिन्यातून एकदा, नाडी. आणि महिन्यातून एकदा उपकेंद्रातला काटा, एकच, सकाळी, त्याच साडीवर. गर्दी असली तर असली. पहिल्यांदा गेले तेव्हा कानशिलं तापली होती. तिथल्या आशाताईंनी आकडा मोठ्यानं वाचला, आणि रांगेतल्या एकीनं हळूच म्हटलं, माझं तर ह्याहून जास्त भरंल. त्या एका वाक्यानं मला जेवढा धीर आला तेवढा पावडरीच्या बाईच्या तासाभराच्या बोलण्यानं आला नव्हता.

आता काय केलं म्हणाल तर फार काही नाही. भाकरी तीनच्या दोन केल्या, दीड नाही, दीडनं रात्री डोळा लागत नव्हता. पालेभाजी वाढवली. चहा मोजला तर दिवसाचे सात कप निघाले, आणि प्रत्येकात दोन चमचे साखर. त्याचे तीन केले. उपासाला साबुदाणा सोडून भगर घेतली, तीही वाटीभर. सकाळी वावरापर्यंत चालत जाणं आणि येणं. यातलं कशानं उतरलं? मला खरंच माहीत नाही. एका महिन्यात दोन किलो उतरायचे, दुसऱ्यात काहीच नाही, आणि लग्नसराईत अर्धा परत चढला. तेव्हा मी घाबरून पुन्हा भाकरी दीडवर आणली, तर चार दिवसांत रात्रीचा गूळ खाल्ला, डब्यातून, उभ्यानं. मग परत दोन. एखादा महिना आकडा तसाच राहायचा आणि नाडीचं टोक मात्र बोटभर पुढं यायचं. असं का, ते मी आशाताईंना विचारलं. त्या म्हणाल्या, होतं असं. मला वाटलं होतं त्यांना तरी कळत असेल.

या पावसाळ्यात टोळी निघाली तेव्हा मी बोलावण्याची वाट बघितली नाही. खुरपं घेऊन जाऊन उभी राहिले. टोळीतली एकजण म्हणाली, "आजारी होतीस काय गं? किती वाळलीस." आमच्याकडं बारीक झालेल्या बाईला पहिलं हेच विचारतात. मी मान हलवली. सवयच ती.

पहिल्या दिवशी पात मागं राहिली, पण बांधावर कुणी थांबलं नव्हतं, सगळ्या एक-दोन हातच पुढं होत्या. आठवड्याभरात बरोबरीनं गेली. उठताना अजून खुरप्याला हात जातो, पण ते रोवावं लागत नाही.

कर्जाचे हप्ते तोवर रडत-पडत चालले होते. गोधड्या शिवून दिले, अंडी विकून दिले, दोनदा चुकले. भाद्रपदात खुरपणीच्या मजुरीतून राहिलेले सगळे एकदमच नेले. काकूंनी नोटा मोजल्या, रजिस्टर उघडलं, माझं पान काढलं. त्यावर शेळी लिहिलेलं होतं. बायका निघून गेल्या होत्या, आम्ही दोघीच होतो. मला राहवलं नाही.

"काकू, शेळी नव्हती," मी म्हणाले.

काकूंनी चष्म्यावरून बघितलं. "ठावं हाय की. तुझ्या घरात मीठ ज्या डब्यात हाय, त्यो पावडरीचा डबा म्या लोहाऱ्यात बघितलाय. म्या बी एक घेतला हुता." मग नोटांना रबर लावत म्हणाल्या, "म्या म्हशीचं कारण सांगितलं हुतं."

मी विचारलं, तुमचं किती उतरलं. त्या म्हणाल्या, रजिस्टरातनं म्हैसच उतरली, आपुन हाय तसंच. आणि रजिस्टर माझ्याकडं वळवलं. शेळी हा शब्द त्यांनी खोडला नाही. त्याच्यासमोर लिहिलं, पूर्ण फेड, बाकी काही नाही. खाली मी सही केली. उकिडवी बसूनच केली, ते सही झाल्यावर माझ्या लक्षात आलं.